दगडावर काय लिहायचं? पाच हौद, केडगाव आणि नगर

आई नोव्हेंबरात गेली. कबर लगेच पक्की करत नाहीत, माती खाली बसेपर्यंत थांबतात. मार्चमध्ये नगरच्या फरशीवाल्याचा फोन आला: "ताई, दगड येऊन पडलाय. मजकूर पाठवा."

मजकुरावर मावशीचं आणि माझं एकमत होईना. मावशीला 'प्रभूमध्ये निजली' हवं होतं. आमच्या दफनभूमीत दर दुसऱ्या दगडावर हेच असतं. मला ते पटत नव्हतं. माझी आई जन्मात कधी दुपारी पाच मिनिटं आडवी झाली नाही. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, तेव्हा उठून सगळ्यांचे हंडे भरणारी बाई ती. तिच्या डोक्याशी 'निजली' कसं लिहू? शिवाय खरं सांगायचं तर ती गेल्यापासून मला असले सगळेच शब्द टोचत होते. भेटायला येणारे म्हणायचे, "ती आता चांगल्या ठिकाणी आहे." मी मनात म्हणायचे, वाईट ठिकाणी होती का? आमच्या स्वयंपाकघरात होती.

शेवटी मावशीच म्हणाली, "ईस्टरला केडगावला जाऊन येऊ. आजीच्या गावाला. येताना ठरवू काय ते." आजी म्हणजे मावशीची आजी, माझी पणजी. तिला दुसरं गावच नव्हतं.

शुक्रवार, ३ एप्रिल : पुणे

मी ठाण्याहून आणि मावशी नगरहून अशा आम्ही स्वारगेटला भेटलो. मावशी बहात्तर वर्षांची, हातात वायरची पिशवी, पिशवीत डबा. गुड फ्रायडेचा उपास ती तीन वाजेपर्यंत पाण्यावर करते. डबा तीननंतरचा होता. त्याच्या वासाने मलाच बारापासून कळा यायला लागल्या, ते वेगळं.

गुरुवार पेठेतलं पाच हौदाचं देऊळ, म्हणजे पवित्र नाम देवालय, बाहेरून पाहिलं नसेल असा पुणेकर विरळा. १८८५ चं बांधकाम, उंच घंटाघर. आत मात्र फार कमी जण गेलेले असतात. बारा ते तीन अशी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होती. सात उद्गार, प्रत्येकावर प्रवचन, मध्ये गीतं. पंखे फिरत होते, पण गरम हवाच ढवळत होते. चौथा उद्गार आला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" पाळकसाहेबांनी तो वाचला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला ते फार बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी घाईने पुढच्या वाक्याकडे गेलं नव्हतं.

जायचं असेल तर साडेअकरालाच पोहोचा, नंतर उभं राहावं लागतं. आणि हातपंखा घेऊन जा. मावशीने आणला होता, मी हसले होते, मग तासभर तोच मागून घेत होते.

तीन वाजता बाहेर पडून टपरीवर चहा घेतला. त्या आवारातल्या चहाला इतिहास आहे. १८९० साली इथल्या मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल रानडे आणि टिळकांसकट पुण्याच्या प्रतिष्ठितांना वाळीत टाकण्यापर्यंत गोष्ट गेली होती. चहा घेणाऱ्यांची यादी गोपाळराव जोशींनी वर्तमानपत्रात छापून आणली. मावशी म्हणाली, "आपली नावं कोण छापणार! घे अजून एक."

केडगावला जायचं तर आधी इथे यावं, हा मावशीचा हट्ट होता आणि त्याला कारण होतं. केडगावला निराधार मुली-बायकांसाठी मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यात आल्या तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांच्या विधवा होत्या, कडेवर लहानगी मनोरमा. या मिशनच्या सिस्टर्स इंग्लंडमधल्या वाँटेजच्या. त्यांच्याशी रमाबाईंची ओळख झाली, आणि पुढच्या वर्षी वाँटेजलाच, २९ सप्टेंबर १८८३ ला, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

त्याआधीचा हिशेब मावशी बोटांवर मोजते. दुष्काळाच्या दिवसांत तीर्थोतीर्थी फिरताना वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरला भाऊ श्रीनिवास. त्याच्याबरोबर पायी हिंदुस्थान पालथा घातला, कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, आणि १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न केलं, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा नेला. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली.

हे मी शाळेपासून ऐकत आले होते. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच ऐकताना माझी मान दुखली.

डब्यात बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेले बटाटे होते. गुड फ्रायडेला आमच्याकडे फोडणी नसते.

शनिवार, ४ एप्रिल : केडगाव

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या केडगावला थांबतात. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. सकाळची गाडी धरा, अकरानंतर उन्हात रिक्षा शोधणं ही शिक्षा आहे. आणि पाण्याची बाटली विसरू नका, मी विसरले होते.

आम्ही उतरलो मावशीच्या ओळखीच्या एका बाईंकडे. त्यांनी दारातच "सलाम" केला. आमच्या जुन्या मंडळींत नमस्काराऐवजी सलाम म्हणतात. हल्ली ऐकू येत नाही, म्हणून कानाला गोड लागला. लगेच माठातलं पाणी आणि ताकाचे पेले आले.

मुक्ती मिशनला जाण्याआधी फोन करून परवानगी घ्या. तिथे आजही मुली आणि बायका राहतात, ते काही प्रेक्षणीय स्थळ नाही. मुलींचे फोटो काढू नका. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती झाडांची सावली. बाहेर रस्त्यावर डांबर वितळतंय आणि आत गारवा. रमाबाईंनी ही जमीन घेतली तेव्हा माळरान होतं. विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या. जशा दुष्काळातून त्या आणि भाऊ वाचले होते, तशाच दुष्काळातून. पुढे १९०० साली गुजरातेतून शेकडो आणल्या.

त्या गुजरातच्या मुलींत माझी पणजी होती. सहा वर्षांची असावी, असा सगळ्यांचा अंदाज. गुजरातेत त्या दुष्काळाला छप्पनिया म्हणतात, संवत १९५६ चा. तिचं गाव कोणतं, आईबापाने हाक कोणत्या नावाने मारली, कुणालाच माहीत नाही, तिलाही आठवत नव्हतं. मुक्तीत तिचं नाव दया ठेवलं. तिथून आमची वंशावळ सुरू होते. वर कुणी नाही.

दया मोठी झाल्यावर मिशनच्या छापखान्यात लागली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांमधून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, आणि ते जुळवायला, छापायला, बांधायला याच मुली. पणजी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायची. खिळे उलटे वाचावे लागतात. त्यामुळे म्हातारपणीसुद्धा समोरच्याच्या हातातला पेपर ती पलीकडून, उलटा, घडाघडा वाचायची. मावशीने ते डोळ्यांनी पाहिलंय. "आम्ही अभ्यास करायला बसलो की समोर बसून चुका काढायची. आम्हाला वाटायचं, म्हातारीला सगळं पाठच आहे."

दुपारी दफनभूमीत गेलो. रमाबाई इथेच आहेत, मनोरमाही. मनोरमा आईचा उजवा हात होती, पुढे सगळा कारभार तीच बघणार होती. २४ जुलै १९२१ ला ती गेली, चाळीस वर्षांची. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला. मधले साडेआठ महिने त्या काय करत होत्या? तर मुद्रितं तपासत होत्या. भाषांतर पुरं व्हायला हवं होतं.

मी आतापर्यंत ही गोष्ट धीराची गोष्ट म्हणून ऐकली होती. पोर गेली तरी काम सोडलं नाही, वगैरे. प्रवचनात असंच सांगतात. पण त्या दुपारी तिथे बसल्यावर वाटलं, धीर कसला, त्यांना दुसरं काही सुचतच नसेल. ओळीवर ओळ, काना, मात्रा, चुकलेला अनुस्वार. आई गेल्यावर मी तिचे सगळे डबे घासले होते, तसेच. ख्रिस्ती पंचांगात शुक्रवारचं खूप बोललं जातं, रविवारचं तर विचारूच नका. मधल्या शनिवारी शुभवर्तमानात जवळजवळ काहीच घडत नाही. बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी त्या स्वस्थ राहिल्या, बस. त्यांना उद्याचं काही माहीत नव्हतं. त्यांनी जे केलं ते मेलेल्या माणसासाठी केलं. आशा असली तर ती त्या तयारीच्या हातांत कुठेतरी होती, डोक्यात नव्हती.

हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "ऊन लागलंय तुला. चल."

संध्याकाळी यजमानीण बाईंच्या मुलाने गुऱ्हाळावर नेलं. दौंड तालुक्यात आलात आणि गुऱ्हाळ न बघता गेलात तर फुकट. लांबूनच वास येतो. चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर भलीमोठी काहील, आत उकळणारा रस आणि काठावर गुळव्या. तो फक्त बुडबुड्यांकडे बघतो आणि सांगतो, अजून दोन मिनिटं. ताज्या काकवीत शेंगदाणे घालून दिले. जीभ भाजली, तरी थांबवेना. जाताना अंगावरचे कपडे सुती ठेवा आणि वाटी घरून न्या.

मी म्हटलं, "मावशी, घरी न्यायला गोळ घेऊ या का दोन ढेपा?" गुळव्या हसला. "ताई, गोळ काय म्हणता? गुजराती का तुम्ही?"

आमच्या घरात गुळाला गोळच म्हणतात. आई म्हणायची, मी म्हणते, माझा मुलगा म्हणतो. शाळेत यावरून चिडवायचे. मला वाटायचं, लहानपणचा बोबडा शब्द असेल, चिकटून राहिला. मावशी आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. सहा वर्षांची पोर सगळं विसरली, स्वतःचं नाव विसरली, पण गोड पदार्थाचं नाव घेऊन आली आणि तिने ते चार पिढ्यांना चाटवलं. तिथे उभ्या उभ्या मला पाच महिन्यांत पहिल्यांदा नीट रडू आलं. गुळव्याने धुराकडे बोट दाखवलं, "इकडं सरका, डोळ्याला लागतो." भला माणूस.

शेजारच्या शेतात तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून हिरवे कोंब निघाले होते. मावशीने विचारलं, हे परत लावलं का? यजमानीण बाईंचा मुलगा म्हणाला, "नाही हो आजी, हा खोडवा. पहिली लागण, मग खोडवा, त्यानंतर निडवा. तोडलेल्या जागीच फुटतो. फक्त तोडताना जमिनीलगत तोडायचा. वर बुडखा ठेवला तर वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि ते कमजोर निघतात."

"म्हणजे जितका खालून तोडला तितका बरा?"

"हो. कोयता मातीला लागला पाहिजे."

मावशी परतताना काही बोलली नाही. पुनव होऊन दोन दिवस झाले होते, चंद्र उशिरा उगवला, आणि तांबूस होता.

रविवार, ५ एप्रिल : ईस्टर

यंदा ईस्टर नेमका रमाबाईंच्या स्मृतिदिनी आला होता. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं. यजमानीण बाईंनी शनिवारी रात्री सांगितलं तेव्हा कळलं.

पहाटे चारला उठलो. साडेचारला प्रभातफेरी निघाली, पेटी गळ्यात अडकवलेला एक मुलगा, एक ढोलकी, बाकी टाळ. मराठी ख्रिस्ती भजन अभंगाच्या चालीवर असतं, टाळ हवेतच. अंधारात गल्लीगल्लीतून जाताना एका अंगणात एक आजोबा हात जोडून उभे राहिले. त्यांना बहुधा काकडआरतीची दिंडी वाटली असावी. कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही, चालच तशी होती.

उपासनेआधी मेणबत्त्या घेऊन आम्ही काही जण दफनभूमीत गेलो. पहाटेचा धुरकट उजेड. रमाबाईंच्या कबरीवर कुणीतरी आधीच मोगऱ्याचा गजरा ठेवून गेलं होतं. आणि कबरींच्या मधून वाकलेली एक आकृती हलत होती. माझ्या छातीत धस्स झालं. नीट बघितलं तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस, हातात पाण्याचा पाइप, ऊन व्हायच्या आत झाडांना पाणी घालत होता.

मावशीला एकदम हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबेना. "अगं," तिने माझा दंड धरला, "माळीच आहे गं."

ज्यांना संदर्भ नसेल त्यांच्यासाठी: योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालिया मरीया रिकाम्या कबरीपाशी रडत उभी असते. मागे येशू उभा, पण तिला वाटतं हा माळी आहे. ती त्याला म्हणते, तू त्याला नेलं असशील तर कुठे ठेवलंस ते सांग. मग तो फक्त तिचं नाव घेतो. मला हा सगळ्या बायबलातला सर्वांत खरा प्रसंग वाटतो, कारण दुःखात माणूस अशीच चूक करतो. समोरच्याला आपण भलताच कुणी समजतो आणि त्याच्याकडे प्रेत मागतो.

माळीबुवा आमच्याकडे बघून म्हणाले, "हॅपी ईस्टर, आजी. पाय सांभाळा, चिखल झालाय."

सहा वाजून वीस-बावीस मिनिटांनी सूर्य वर आला. उपासनेत मी गायले. फार नाही, दोन कडवी. ख्रिस्त उठला, तर जे त्याचे आहेत तेही उठतील, एवढंच या धर्माचं म्हणणं आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. मला ते त्या सकाळी पटलं असं म्हणणार नाही. पण ऐकताना टोचलं नाही.

नंतर चहा, पाव, आणि कांद्याच्या सालांत उकडून तांबूस केलेली अंडी. दुपारी कोंबडीचा रस्सा, भाकरी आणि शेवयांची खीर. खिरीत साखर नव्हती, कालचा गोळ होता. ईस्टरला कुणाच्या घरी जाणार असाल तर पोट रिकामं ठेवून जा. नाही म्हणणं तिथे चालत नाही.

सोमवार, ६ एप्रिल : नगर

केडगावहून दौंड, दौंडहून नगर. तिकीट काढताना आता अहिल्यानगर असं शोधावं लागतं. मावशीच्या तोंडी अर्थात नगरच. काष्टी, बेलवंडी, विसापूर करत गाडी रमतगमत जाते. खिडकीपाशी पश्चिमेला बसू नका, भाजून निघाल.

गाडीत मावशी म्हणाली, "तुझी आई मार्था होती." मार्था म्हणजे बेथानीची, पाहुण्यांच्या जेवणाची काळजी वाहणारी, चिडणारी. तिचा भाऊ लाजर मेला तेव्हा ती येशूशी भांडायला थेट वेशीबाहेर गेली: तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. "आणि त्याने तिला काय सांगितलं? निजलाय म्हणून नाही सांगितलं."

निजलाय असं तो शिष्यांना म्हणाला होता. मार्थेला म्हणाला, तुझा भाऊ पुन्हा उठेल.

"आपली ताई तर रोजच उठायची," मावशी म्हणाली. "सगळ्यांच्या आधी."

स्टेशनवरून थेट फरशीवाल्याकडे गेलो. काळा दगड भिंतीला टेकवून ठेवला होता, पाणी मारून स्वच्छ केलेला. अक्षराप्रमाणे पैसे. नगरला करून घेणार असाल तर भाव आधी ठरवा आणि जोडाक्षराचं एक धरणार की दोन ते विचारून घ्या, आमच्याकडे नावातच दोन आहेत.

मावशीने पिशवीतून कागद काढला. वर आईचं नाव, खाली दोन तारखा, आणि त्याखाली दोन शब्द. त्याने मोठ्याने वाचले.

"पुन्हा उठेल." मग पाठ उलटून बघितली, मागे अजून काही आहे का म्हणून. "कोण उठेल, ताई? कर्ता राहिला."

"वर नाव आहे की," मावशी म्हणाली. "आणि हे बघ, मी समोरून उलटं वाचणार आहे. चूक केलीस तर सापडेल."

तो म्हणाला जोडाक्षर एकच धरतो. शनिवारी या.